घरच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॉल नीट लागत नाहीये, गणपतीच्या आत जमवायचंय

कृष्णाकाठची | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी वाईची, वय ६६, शाळेतून रिटायर होऊन आठ वर्षं झाली. मुलगी जर्मनीत, स्टुटगार्टजवळ, नातू साडेपाच वर्षांचा. इतकी वर्षं आम्ही स्काईपवर बोलायचो, मुलाने सगळं लावून दिलं होतं, नुसतं त्या निळ्या चित्रावर क्लिक करायचं. यंदा ५ मे २०२५ ला स्काईप कायमचं बंद झालं आणि तेव्हापासून जी घडी विस्कटली ती बसतच नाहीये. मुलगा बंगळूरला असतो, त्याने फोनवरून सांगून सांगून झूम टाकून घेतलं. कॉल लागतो हो, पण मुलीला तिचाच आवाज परत ऐकू येतो, "आई माझंच मला ऐकू येतंय" म्हणत ती कंटाळते, मग दहा-पंधरा मिनिटांनी चित्र थिजतं, नातवाचं तोंड उघडं असेल तर उघडंच राहतं, आणि अधूनमधून तर आमचा आवाज तिकडे जातच नाही, मी इथून ओरडतेय आणि ती कानाला हात लावून खुणा करतेय.

कॉम्प्युटर मुलाचा कॉलेजातला आहे, विंडोज १०, २२ इंची मॉनिटर, त्यावर बसवलेला वेबकॅम, दोन्ही बाजूला छोटे स्पीकर. गणपती तीन आठवड्यांवर आले. आरतीला नातू समोर दिसायला हवा. सुरुवात कुठून करू?

टिळकरोड_७८ | सोमवार, रात्री ९:५२

एवढा खटाटोप कशाला? मोबाईलवर व्हॉट्सॲप व्हिडिओ कॉल करा, एक बटण दाबायचं. माझी आई ८१ वर्षांची आहे, रोज करते.

कृष्णाकाठची | सोमवार, रात्री १०:०५

आमच्या ह्यांना डाव्या डोळ्याने दिसत नाही आणि उजव्याला काचबिंदू आहे. मोबाईलवर नातू म्हणजे त्यांना नुसता हलणारा ठिपका दिसतो. मोठ्या स्क्रीनसमोर अगदी वीतभर अंतरावर खुर्ची ओढून बसले की त्याचे नाक-डोळे कळतात. म्हणून कॉम्प्युटरच हवा.

टिळकरोड_७८ | सोमवार, रात्री १०:११

समजलं काकू, न विचारता बोललो, माफ करा. मग एक सांगतो, व्हॉट्सॲपचं कॉम्प्युटरसाठी वेगळं ॲप मिळतं, त्यातूनही मोठ्या स्क्रीनवर कॉल होतो. झूम फुकटचं असेल तर ४० मिनिटांनी कॉल आपोआप तुटतो हे लक्षात असू द्या, तो तुमचा बिघाड नाही, पुन्हा लावायचा. गूगल मीटवर दोघांतच बोलायचं असेल तर तसं बंधन नाही, २४ तासांपर्यंत चालतं.

वायरमन_इचल | सोमवार, रात्री ११:२०

काकू, इचलकरंजीत रिपेरिंगचं दुकान आहे माझं, रोज ह्याच तक्रारी येतात. तुमचे तीन त्रास आहेत आणि तिन्हीची कारणं वेगळी आहेत, म्हणून ॲप बदलत बसू नका, झूमच ठेवा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरं झालं ते कळत नाही आणि पुढच्या महिन्यात परत तिथंच.

उद्या फक्त एवढं सांगा. राउटर घरात कुठं आहे आणि कॉम्प्युटर कुठं आहे, मध्ये काय आहे. कॉम्प्युटरला नेट कशाने येतंय, वायरने की पाठीमागे छोटी वायफायची काडी लावलीय. वेबकॅमची पिन पुढच्या भोकात आहे की मागच्या.

पाऊसवेडा | मंगळवार, सकाळी ७:१५

इको नेट स्लो असल्यामुळेच येतो. प्लॅन वाढवून घ्या, सगळं सुटेल.

वायरमन_इचल | मंगळवार, सकाळी ९:३०

पाऊसवेडा, नाही पटलं. प्लॅन वाढवून इको जात नाही, लोकांचे पैसे ह्यातच जातात. नीट बघा काय होतंय. मुलगी तिकडून बोलली, तो आवाज काकूंच्या स्पीकरमधून बाहेर पडला, शेजारीच वेबकॅम आहे, त्यातल्या माइकने तो उचलला आणि परत जर्मनीला पाठवून दिला. मुलीला तिचंच ऐकू येतं. म्हणजे ज्याला इको ऐकू येतो त्याच्याकडं बिघाड नसतो, समोरच्याकडं असतो. ॲप हा परतणारा आवाज गाळायचा प्रयत्न करतं, पण स्पीकर फुल आणि माइकला चिकटून असले की त्याला जमत नाही. नेटमध्ये उशीर असेल तर इको जास्त टोचतो एवढं तुमचं बरोबर, पण उगम स्पीकरच.

स्टुटगार्ट_डायरी | मंगळवार, दुपारी १:४०

शंभर टक्के. मी तुमच्या मुलीच्याच बाजूची, काकू. आम्ही दोन वर्षं इथे हेडफोन बदलले, मी दोन आणले, नवऱ्याने एक आणला, आणि शेवटी कळलं की सोलापूरला बाबांचा स्पीकर फुल आवाजावर असतो कारण त्यांना कमी ऐकू येतं. त्यांना "आवाज कमी करा" सांगायला जीव होत नव्हता, मग भावाने स्पीकर टेबलाच्या कडेला, त्यांच्या कानाजवळ आणून ठेवले. आवाज निम्म्यावर आला आणि इको गेला.

आणि खिडकी पाठीमागे घेऊन बसू नका हं, इकडे चेहरा काळाठिक्कर दिसतो, नुसती आकृती. खिडकीकडे तोंड करून बसा.

कृष्णाकाठची | मंगळवार, संध्याकाळी ६:१०

सगळ्यांना धन्यवाद, वही घेऊन बसलेय. घर म्हणजे जुना वाडा आहे, राउटर पुढच्या सोप्यात, कॉम्प्युटर माजघराच्या पलीकडच्या खोलीत, मध्ये दगडी भिंत, चांगली दोन फूट जाड. नेट छोट्या काडीने येतं, ती कॉम्प्युटरच्या डब्याच्या पाठीमागे आहे, डबा भिंतीला टेकलेला. वेबकॅम पुढच्या भोकात, जरा सैल बसतो तिथे.

वायरमनभाऊ, तुमचं वाचून मी ह्यांचे मोबाईलचे इअरफोन गुलाबी भोकात लावून बघितले तर काहीच होत नाही, हिरव्यात लावले तर ऐकू येतं पण आपलं बोलणं जात नाही. इअरफोन खराब आहेत का?

वायरमन_इचल | मंगळवार, रात्री ८:५०

इअरफोन चांगले आहेत. त्यांची पिन हातात घ्या आणि काळ्या रेघा मोजा. मोबाईलच्या पिनेवर तीन रेघा असतात, कारण ऐकायचं आणि बोलायचं एकाच पिनेतून जातं. जुन्या कॉम्प्युटरला दोन वेगळी भोकं, हिरवं ऐकायला, गुलाबी माइकला, तिथं दोन रेघांची पिन लागते. मध्ये वाय आकाराचा स्प्लिटर मिळतो, एकीकडे मोबाईलची पिन, दुसरीकडे दोन शेपट्या. दुकानात "मोबाईल हेडफोन कॉम्प्युटरला जोडायचा स्प्लिटर" असं सांगा, नाहीतर एका गाण्यावर दोन हेडफोन लावायचा स्प्लिटर गळ्यात मारतील, दिसायला अगदी सारखा असतो.

पण तुम्ही दोघं ऐकणार, तेव्हा इअरफोन फक्त परीक्षेपुरते. हिरव्या भोकात लावून मुलीला विचारा इको गेला का. गेला तर स्पीकरच दोषी, मग वरच्या ताईंनी सांगितलं तसं स्पीकर ह्यांच्या जवळ पुढं घ्या.

आवाज न जाण्याचं कारण ते सैल भोक. पिन हलली की विंडोज समजतं वेबकॅम काढला, आणि माइक म्हणून ते गुलाबी भोक धरून बसतं जिथं काहीच नाही. वेबकॅम मागच्या भोकात लावा, तिथलं सरळ मदरबोर्डला असतं. मग झूममध्ये माइकच्या चित्राशेजारी छोटा बाण आहे, तो दाबून यादीतून वेबकॅमचंच नाव निवडा. तरी नाही झालं तर सेटिंग्ज, प्रायव्हसी, मायक्रोफोन असं जाऊन परवानगी चालू आहे का बघा, अगदी खाली डेस्कटॉप ॲप्ससाठी वेगळं बटण असतं तेच बरेचदा बंद असतं. कॅमेऱ्याचंही तसंच.

अबोली_फोंडा | मंगळवार, रात्री ९:२०

आमच्याकडे पावसात लाईट जाते तेव्हा इन्व्हर्टरवर पंखा-दिवे चालू आणि नेट मात्र बंद. राउटर वेगळ्या प्लगवर होता, कोणाच्या ध्यानातच नाही. वायरमन बोलावून तो प्लग इन्व्हर्टरला घेतला. आरतीच्या वेळी लाईट गेली तर काय ते आत्ताच बघून ठेवा.

टिळकरोड_७८ | मंगळवार, रात्री ९:३५

काकू, मुलाला सांगा एनीडेस्क टाकून द्यायला. तो बंगळूरहून तुमचा कॉम्प्युटर आपल्या स्क्रीनवर बघून सगळं करू शकतो.

अबोली_फोंडा | मंगळवार, रात्री ९:४८

मुलगा करणार असेल तर उत्तम, पण एनीडेस्क उघडल्यावर जो नंबर दिसतो तो दुसऱ्या कोणालाही सांगायचा नाही, बँकेतून बोलतोय, नेट कंपनीतून बोलतोय म्हणाला तरी. माझ्या मावशीला असाच फोन आला आणि पुढच्या अर्ध्या तासात खात्यातले पैसे गेले. आणि व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या वेषात माणूस येऊन "तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही" म्हणतो तोही निव्वळ फसवणुकीचा धंदा आहे, असली अटक कायद्यात नाहीच. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्येही हे सांगितलं होतं. फोन कट करायचा आणि १९३० वर तक्रार करायची. घरी दोघंच असलेल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

पाऊसवेडा | बुधवार, सकाळी ७:०५

इकोबद्दल पटलं वायरमनभाऊ, काल घरी करून बघितलं.

माझाही एक अनुभव. रत्नागिरीला बाबांच्या कॉम्प्युटरवर कुठलीच साईट उघडेना, सगळीकडे "कनेक्शन सुरक्षित नाही". नेटवाल्याला तीनदा बोलावलं, नवीन वायर टाकून गेला. शेवटी माझ्या पुतणीने, नववीतल्या, कोपऱ्यातलं घड्याळ दाखवलं: तारीख २०१० सालची! आतला बटणासारखा सेल, सीआर२०३२, संपला होता, दर वेळी मेन स्विच बंद केला की तारीख मागे जायची. तारीख चुकीची असली की ब्राउझरला साईटचं प्रमाणपत्र खोटं वाटतं. सेल बदलला आणि काम झालं. जुना कॉम्प्युटर असेल तर हे बघाच.

कृष्णाकाठची | बुधवार, रात्री ९:१५

आमची तारीख बरोबर आहे, बघितली. इको गेला!! इअरफोन लावल्याबरोबर मुलगी म्हणाली "आई काय केलंस, एकदम स्वच्छ". मग स्पीकर पुढे ओढले, आवाज निम्मा, तरी स्वच्छ. वेबकॅम मागे लावला. आता चित्र थिजणं राहिलं.

वायरमन_इचल | बुधवार, रात्री १०:३०

छान. आता पिंग. स्टार्टमध्ये सीएमडी लिहून काळी खिडकी उघडा, त्यात पिंग, मग एक जागा सोडून १९२.१६८.१.१, परत एक जागा, मग आडवी रेघ आणि टी, सगळं इंग्रजीतून. एंटर मारा. (राउटरचा आकडा वेगळा असला तर त्याच्या पाठीवरच्या चिकटपट्टीवर असतो.) ओळी पळत राहतील, शेवटी वेळ लिहिलेली असते. ती घरातल्या घरात, राउटरपर्यंत जाऊन यायची वेळ आहे, १ ते ५ मिलिसेकंदांच्या आसपास हवी. थांबवायला कंट्रोल आणि सी. मग तेच ८.८.८.८ ला (हा गूगलचा सर्व्हर) करा, ती वेळ घराबाहेरची. पहिलीच उड्या मारत असेल तर दोष तुमच्या भिंतीचा, पहिली शांत आणि दुसरी उड्या मारत असेल तर दोष बाहेर जाणाऱ्या लाईनीचा.

कृष्णाकाठची | गुरुवार, सकाळी ११:००

राउटरचे आकडे वहीत उतरवून घेतले: ३, ४, ३, २१२, ४३०, मग "रिक्वेस्ट टाइम्ड आऊट", परत ५, ३, ३८०.

वायरमन_इचल | गुरुवार, सकाळी ११:२५

म्हणजे भिंत. दोन फूट दगडातून वायफाय येणार कुठून, त्यात काडी पत्र्याच्या डब्यामागे. मध्ये दीड मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन लावून काडी टेबलावर आणली तरी फरक पडेल. निळ्या रंगाच्या यूएसबी भोकात असेल तर तिथून काढा, यूएसबी ३ च्या शेजारी २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय बिघडतं. ५ गिगाहर्ट्झवर जा असं कुणी सांगेल तर ऐकू नका, ते जाड भिंतीतून आणखी कमी जातं. पण माझं मत विचाराल तर राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत सरळ लॅन केबल, म्हणजे नेटची वायर, टाका. १५-२० मीटर कॅट ६, एकदा टाकली की दहा वर्षं बघायला नको.

मंद्रषड्ज | गुरुवार, दुपारी ४:३०

मी मिरजेत गाणं शिकवतो, निम्मे विद्यार्थी अमेरिकेत. आरतीबद्दल मात्र आधीच सांगतो, नाहीतर ऐन वेळी घोटाळा होईल. ही ॲप्स माणसाचं बोलणं तेवढं ठेवतात आणि बाकी सगळं गोंगाट समजून गाळतात. माझ्या तानपुऱ्याचं पहिल्या वर्षी हेच झालं, सूर लावला की दोन सेकंदांत तानपुरा गायब, विद्यार्थी म्हणायचे सर तुम्ही तानपुरा बंद का केलात. आरतीत झांजा आणि टाळ्या गाळल्या जातील आणि त्यांच्याबरोबर तुमचे शब्दही तुटतील.

झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये "ओरिजिनल साऊंड फॉर म्युझिशियन्स" असं आहे. ते चालू करून ठेवलं की कॉलमध्ये वर डावीकडे बटण येतं, आरती सुरू होताना ते दाबा, संपल्यावर बंद करा. झांज माइकपासून लांब, खोलीच्या दुसऱ्या टोकाला.

आणि दोन्हीकडून एकत्र आरती म्हणायला जाऊ नका, ताल जुळणारच नाही. आवाज जर्मनीला पोचायला वेळ लागतो, ते तुमच्या तालावर बरोबर म्हणतील पण तुम्हाला ते मागे पडलेले ऐकू येतील, तुम्ही त्यांच्यासाठी थांबाल, ते तुमच्यासाठी थांबतील आणि आरती रेंगाळत रेंगाळत बुडेल. मुलीने तिकडे म्यूट करून म्हणावी. तिच्या घरात ती तालात असेल, तुमच्या घरात तुम्ही. मग शेवटची एक आरती तुम्ही म्यूट होऊन नातवाला एकट्याला म्हणू द्या.

स्टुटगार्ट_डायरी | गुरुवार, संध्याकाळी ७:२०

किती छान सुचवलंत सर, आम्हीही असंच करणार.

सध्या उन्हाळी वेळ आहे, फरक साडेतीन तास. तुमची आरती साडेसातला तर इकडे चार वाजलेले. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात, मग साडेचार तास. दर वर्षी त्या आठवड्यात आई तासभर आधी कॉल लावते आणि काळजी करत बसते.

कृष्णाकाठची | रविवार, रात्री ९:५०

लॅन केबल टाकली. इलेक्ट्रिशियनचा मुलगा आला, भिंतीला भोक पाडायची गरजच पडली नाही, माळ्यावरच्या तुळईवरून फिरवून आणली, १८ मीटर लागली. राउटरचा पिंग आता सारखा १, १, १. पण चित्र अजून थिजतं, आणि फक्त रात्री सव्वाआठ ते पावणेनऊ. त्या वेळी ८.८.८.८ चा आकडा ९०० वर जातो. बाकी दिवसभर ४० च्या आत.

वायरमन_इचल | रविवार, रात्री १०:१५

ठरलेल्या वेळेला होतंय म्हणजे माणूस आहे. सव्वाआठला घरी कोण येतं?

कृष्णाकाठची | रविवार, रात्री १०:२२

पुतण्या, वरच्या मजल्यावर राहतो. फोटोग्राफर आहे, बारशी, डोहाळजेवणं असली कामं घेतो. आल्या आल्या दिवसभराचे फोटो नेटवर चढवायला लावतो आणि जेवायला खाली येतो.

वायरमन_इचल | रविवार, रात्री १०:३०

सापडलं. चढवायचा रस्ता त्याने अडवलाय. आपण नेहमी डाउनलोड बघतो, पण व्हिडिओ कॉलमध्ये तुमचं चित्र वर जायला तेवढाच रस्ता लागतो. दोघांच्या झूम कॉलला चांगल्या ७२० पिक्सेलच्या चित्रासाठी दोन्ही दिशांना सव्वा एमबीपीएस पुरतं, म्हणजे फार नाही, पण फोटो एकदा सुटले की तेवढंही शिल्लक ठेवत नाहीत आणि तुमचं सगळं त्यांच्या मागं रांगेत उभं राहतं. पुतण्याला प्रेमाने सांगा, झोपताना लावत जा.

कृष्णाकाठची | सोमवार, रात्री ९:३०

सांगितलं. तो बिचारा म्हणाला "काकू, आधी का नाही बोललीस, मी कशाला दुखावलो असतो". आज पाऊण तास बोललो, मध्ये ४० मिनिटांनी तुटला तेवढाच, परत लावला. नातवाने कॅमेऱ्याला तोंड चिकटवून आ केला आणि हे एकदम म्हणाले, "अरे, खालचा दात पडला तुझा!" मुलीने आम्हाला सांगितलंच नव्हतं, ह्यांना आपला आपण दिसला.

आता एकच. गणपती सोप्यात बसतो आणि वेबकॅमची वायर तिथपर्यंत पुरत नाही. कॉम्प्युटर हलवला तर लॅन केबलचं काय?

वायरमन_इचल | सोमवार, रात्री १०:००

कॉम्प्युटर हलवू नका. त्याच झूम कॉलमध्ये मोबाईलवरून दुसरा माणूस म्हणून या आणि तो गणपतीसमोर ठेवा, राउटर सोप्यातच आहे तेव्हा तिथं वायफाय चांगलं मिळेल. आरती सोप्यात होणार म्हणजे तेव्हा आवाज मोबाईलचा हवा, सरांनी सांगितलेलं ओरिजिनल साऊंडही मोबाईलवरच्या झूममध्ये चालू करून ठेवा. त्या वेळात कॉम्प्युटरचा माइक म्यूट आणि स्पीकर बंद. दोन्हीकडचं एकदम चालू राहिलं तर अशी शिट्टी बसेल की जर्मनीत कान धरतील.

कृष्णाकाठची | गुरुवार, रात्री १०:४०

काल चतुर्थीला झालं. पाटावर डबा, डब्यावर टाळाची पिशवी, तिला टेकवून मोबाईल उभा केला. पहिली आरती अर्धी झाल्यावर माझ्या लक्षात आलं की ओरिजिनल साऊंडचं बटण दाबायचं राहिलंय, दाबल्यावर मुलगी म्हणाली आता झांज आली. आम्ही म्यूट झालो आणि नातवाने शेवटची एकट्याने म्हटली, मध्ये एक कडवं गाळलं. हे मात्र सोप्यात आलेच नाहीत, आत मॉनिटरसमोर खुर्ची ओढून बसले होते, आरतीचं ताट मीच आत नेलं.

वायरमनभाऊ, तो स्प्लिटर इथे मिळाला नाही, साताऱ्याला बघते. दिवाळीच्या आत हवाय, तेव्हा मुलगा येणार आहे आणि त्याला हेडफोन लावून रात्री काम करायचं असतं.

वायरमन_इचल | गुरुवार, रात्री ११:०५

साताऱ्याला नक्की मिळेल काकू. घेताना पिनेवरच्या रेघा मोजा, स्प्लिटरच्या भोकाच्या बाजूला मोबाईलची पिन बसते का ते दुकानातच लावून बघा.

टिळकरोड_७८ | शुक्रवार, सकाळी ८:१०

काकू, माझ्या आईलाही आता डोळ्यांचा त्रास सुरू झालाय, मॉनिटर घ्यायचा विचार आहे. २२ इंची पुरतो का की काकांना मोठा हवा होता असं वाटतं?

कृष्णाकाठची | शुक्रवार, सकाळी ९:००

ह्यांना विचारलं. म्हणाले २२ पुरतो, पण उजेड जास्त करता येणारा बघा आणि टेबल असं घ्या की पाय आत जातील, म्हणजे खुर्ची जवळ ओढता येते.